औसा रोडवरचा इंग्रजी क्लास : नर्सिंगवाल्यांनी जरूर लावावा

मी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, ओईटीची, म्हणजे परदेशात जाऊ पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चालू आहे. औसा रोडवरचा हा संध्याकाळचा क्लास ड्यूटीच्या वेळेत बसतो म्हणून लावला. पण मॅडमनी भूतकाळातले मोडल (‘शुड हॅव’, ‘मस्ट हॅव’ अशी रूपं) ज्या तऱ्हेनं शिकवले, तेवढ्यासाठीसुद्धा इथं यावं असं माझं मत झालंय.

नियम त्यांनी झटक्यात उरकला. शुड, कुड, माइट, मस्ट यांच्यापुढे हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप. कर्ता ही असो की शी, हॅवचं हॅज होत नाही. आणि मग थेट वॉर्डात शिरल्या. पेशंटनं बीपीची गोळी घेतली का? आत्ताच फोडलेलं पाकीट उशाशी दिसतंय, तर ‘ही मस्ट हॅव टेकन इट’. पाकीट सापडत नाही, नातेवाईकही नक्की सांगत नाहीत, तर ‘ही माइट हॅव टेकन इट’. गोळ्या आपल्याच ट्रेमध्ये जशाच्या तशा, तर ‘ही कान्ट हॅव टेकन इट’. मस्ट हॅवच्या उलट मस्टन्ट हॅव नाही, कान्ट हॅव. शिवाय मस्ट हॅव कितीही ठाम वाटलं तरी तो अंदाजच, त्याच्या भरवशावर चार्टवर टिक करायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. व्याकरण शिकवता शिकवता हे सांगणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

खरी कमाल रोल प्लेची. ओईटीच्या स्पीकिंगमध्ये पाच-पाच मिनिटांचे दोन असतात. मॅडम स्वतः पेशंट झाल्या : निलंग्याकडचे शेतकरी, शुगर आहे, पायाची जखम चिघळलेली. आधी मराठीतच म्हणाल्या, “जखम झाली तवाच यायला पायजे होतं ओ सिस्टर.” मग इंग्रजीत, ‘आय शुड हॅव कम अर्लियर’. समोरच्या मुलीनं पटकन ‘येस, यू शुड हॅव’ म्हटलं आणि मॅडमनी तिथंच थांबवलं. आय लावलं की पस्तावा, यू लावलं की ठपका. आधीच खचलेल्या माणसाला आपण आणखी काय म्हणून बोलायचं? त्याऐवजी ‘आय कॅन सी व्हाय यू आर वरीड’ म्हणा आणि आता काय उपचार करायचे ते सांगा. ‘यू कुड हॅव टोल्ड अस’सुद्धा टाळा म्हणाल्या, तेही ऐकणाऱ्याला टोचतं. हे मी दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात मराठीत पाळायला लागले.

नीडन्ट हॅव मात्र घाईत गेलं. गोळी उगाचच घेतली तर ‘नीडन्ट हॅव टेकन’, आणि घ्यायची गरज नव्हती एवढंच सांगायचं तर ‘डिडन्ट नीड टू टेक’. यावर अजून एक तास हवा होता.

सगळ्यात मोठी उणीव ऐकण्याची. वर्गात ‘शुड हॅव’ सुटं सुटं म्हणतात, पण इंग्रज माणूस बोलताना ते ‘शुडव्ह’ होतं आणि ओईटीत ऑडिओ एकदाच ऐकायला मिळतो. वर्गात स्पीकर आहे, तो वापरायलाच हवा. बॅचही फार भरलेली असते, रोल प्लेला नंबर लागायला मागं लागावं लागतं.

तरी नर्सिंगच्या मुलींना मी हाच क्लास सांगेन. लिसनिंगची सोय तेवढी वेगळी करा, आणि पहिल्या रांगेत बसा.