बेती ते पणजी: फेरीबोट की पूल?

घाई असेल तर पूल, हे उघडच आहे. स्कूटर मांडवी पुलावर घातली की दहा मिनिटांत पणजी. (२०१९ साली अटल सेतू झाला, पण तिथे दुचाकीला मज्जाव, आमच्या नशिबी जुनेच पूल.) तरी माझा कौल फेरीबोटीला. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, पार्किंगची शोधाशोध नाही. पावसाळ्यात गढूळ मांडवी, डिझेलचा वास. एरवी शेजारणीच्या पिशवीतून डोकावणारी बांगड्यांची शेपटं. ५ जुलै १९८६ ला पूल कोसळला, तेव्हा फेरीबोटींनीच तारलं, असं बाबा अजून सांगतात. रात्री उशीर होणार असेल तर मात्र मी गुपचूप स्कूटर काढते. धक्क्यावर ताटकळायचं जिवावर येतं.