लाइव्ह की पोस्ट-पोस्ट? टेक्स्ट आरपीजी नव्याने खेळणाऱ्यांसाठी

डिस्कॉर्डवर (चॅट अ‍ॅप) टेक्स्ट रोलप्ले, म्हणजे आपापलं कॅरेक्टर घेऊन लिहून खेळायचा खेळ (आरपीजी), सुरू करायचा तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे लाइव्ह, सगळे ठरलेल्या वेळी ऑनलाइन, जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) लिहितो "दार अर्धवट उघडंय, आतून करपल्याचा वास येतोय, काय करताय?" आणि तुम्ही विचार करेपर्यंत दोघांनी आत उडी मारलेली असते, तिसरा फासे टाकणाऱ्या बॉटला १डी२० (वीस बाजूंचा एक फासा) टाकायला सांगतोय, स्क्रीन नुसती पळतेय. मजा आहे, पण टायपिंग स्लो असेल तर तुमचं कॅरेक्टर दारातच उभं राहतं.

दुसरा म्हणजे प्ले बाय पोस्ट. दिवसाला एखादी पोस्ट, सवडीने, ऑफिसातून येताना लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही. कॅरेक्टर काय बघतंय, काय बोलतंय ते नीट लिहिता येतं, मागचं वाचता येतं. वैताग एकच, साधी मारामारी आठवडे चालते आणि मध्येच कोणीतरी गायब होतं (बहुतेक वेळा जीएमच).

मी तर नवख्याला पोस्टवालाच सांगेन. नियम वाचायला वेळ मिळतो, आणि खेळाबाहेरचं बोलणं डबल कंसात टाकायचं वगैरे रीतभात आपोआप कळते. फक्त दुसऱ्याच्या कॅरेक्टरने काय केलं ते तुम्ही लिहू नका, त्यावरून जाम भांडणं होतात.