ब्रिजमधल्या रेझिस्टरचा करंट: मेश, नोड की थेवेनिन?

साध्या सिरीज-पॅरलल जोडणीला ओहमचा नियम पुरतो. अडतं ते बॅलन्स नसलेल्या व्हीटस्टन ब्रिजपाशी, म्हणजे बॅटरीला जोडलेल्या दोन-दोन रेझिस्टरच्या दोन फांद्या, त्यांच्या मधल्या बिंदूंना जोडणारा पाचवा रेझिस्टर, आणि त्यातून करंट वाहतोय. मधला रेझिस्टर धड सिरीजमध्ये नाही, धड पॅरललमध्ये नाही, आणि करंट हवा असतो नेमका त्याचाच.

10 व्होल्टची बॅटरी घ्या. डावीकडे वर 20 ओहम, खाली 30; उजवीकडे वर 30, खाली 20; मध्ये 26.

मेश, म्हणजे प्रत्येक बंद लूपमध्ये एक करंट धरून समीकरणं मांडायची पद्धत, बहुतेकांच्या हातात बसलेली असते, आणि प्रत्येक फांदीतला करंट हवा असेल तर मीही तीच वापरेन. पण इथे तीन समीकरणं सोडवूनही उत्तर थेट हाती लागत नाही. वरच्या लूपमध्ये 0.184 अँपिअर येतात, खालच्यात 0.224, मधला करंट म्हणजे त्यांची वजाबाकी, 0.04. मला खटकतं ते इथेच. चिन्ह चुकून बेरीज झाली, तर उत्तर येतं 0.408, आणि या सर्किटमध्ये बॅटरीचा एकूण करंटही तेवढाच आहे! आकडा इतका ओळखीचा वाटतो की संशयच येत नाही. वह्या तपासताना हे दिसलं की जीव हळहळतो, कारण बाकीची सगळी मेहनत बरोबर असते.

नोड, म्हणजे जोडबिंदूंचे व्होल्टेज काढायची पद्धत, त्या मानाने सरळ. दोनच समीकरणं, मधल्या रेझिस्टरच्या दोन टोकांना 5.52 आणि 4.48 व्होल्ट, फरकाला 26 ने भागा. फक्त 20, 30 आणि 26 चे छेद सांभाळावे लागतात.

थेवेनिनमध्ये मधला रेझिस्टर काढूनच टाकायचा, आणि उरलेल्या सर्किटच्या जागी एकच व्होल्टेज आणि एकच रेझिस्टन्स धरायचा. डावा बिंदू 6 व्होल्टवर, उजवा 4 वर, फरक 2. बॅटरीच्या जागी शॉर्ट केलं की दोन्ही बाजूंना 20 आणि 30 पॅरलल, म्हणजे 12 अधिक 12, 24 ओहम. मधले 26 परत जोडले की एकूण 50. 2 भागिले 50, झाले 40 मिलिअँपिअर. वजाबाकी इथेही आहे, पण 6 आणि 4 ची, डोळ्यांसमोर. आता 26 च्या जागी 76 ओहम लावा: 2 भागिले 100, 20 मिलिअँपिअर. मेश आणि नोडला इथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ब्रिजच्या मध्ये कधी गॅल्व्हानोमीटर (लहान करंट दाखवणारं उपकरण) असतो, कधी दुसरं काही, त्यामुळे ही सोय मला फार मोलाची वाटते.

सर्किटमध्ये डिपेंडंट सोर्स (ज्याची किंमत सर्किटमधल्याच दुसऱ्या करंट किंवा व्होल्टेजवर ठरते) असेल, तर मात्र तो शॉर्ट करून चालत नाही. थेवेनिनचं कामही वाढतं. तिथे नोड बरी, असं माझं मत. बाकी प्रश्नात एकाच रेझिस्टरचा करंट विचारलेला दिसला, की मी तरी आधी तो सर्किटमधून बाजूला काढतो.