इंजिन ट्यूनिंगचा पेटीबंद हत्यारसंच : जुन्या स्प्लेंडरवर वापरून केलेले परीक्षण

दुचाकीच्या प्राथमिक ट्यूनिंगसाठी लागणारी हत्यारे एकाच प्लॅस्टिकच्या पेटीत देणारा एक संच मी साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरातील दुकानातून घेतला आणि घरच्या कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या स्प्लेंडरवर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतरही वापरून पाहिला. संचाची किंमत हजार रुपयांच्या आत आहे. पेटीत प्लगचा सॉकेट, पट्ट्यांचा फीलर गेज (बारीक फट मोजण्याचे साधन), टॅपेट (व्हॉल्व्हची फट बसवण्याचा स्क्रू) फिरवण्याचा छोटा पाना, काही रिंग पाने, दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि तारेचा ब्रश एवढे साहित्य येते. यातील पाने चांगले आहेत, त्यांच्या धारी मजबूत आहेत आणि नटाची कड ते खात नाहीत. परंतु ट्यूनिंगची सारी अचूकता ज्यावर अवलंबून असते, तो फीलर गेजच या कामाला अपुरा आहे. म्हणून संपूर्ण पेटी घेण्याऐवजी हत्यारे सुटी घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

गेजविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. संचातील गेजला 20 पट्ट्या असून त्या 0.05 मिलिमीटरपासून 1.00 मिलिमीटरपर्यंत, 0.05च्या टप्प्याने वाढत जातात. प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, मोजण्यासाठी हे पुरेसे आहे, कारण लहान चारस्ट्रोक इंजिनांत तो साधारणपणे 0.6 ते 0.9 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. टॅपेटचे मात्र तसे नाही. शंभर सीसी गटातील अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत व्हॉल्व्हची फट 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या दरम्यान दिलेली असते, आणि नेमक्या त्याच टप्प्यातील मधली एकही पट्टी या संचात नाही. दोन पट्ट्या एकत्र धरल्या तरी हवे ते माप जुळत नाही, आणि अंदाजाने मधले माप साधणे या कामात चालत नाही. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट कमी पडली तर तो आपल्या जागी पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) गळते आणि कालांतराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. फट जास्त राहिली तर वरच्या बाजूने टकटक ऐकू येते आणि व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. टॅपेट वाजत असेल तर निदान आपल्याला कळते. घट्ट झालेला टॅपेट मात्र गुपचूप नुकसान करत राहतो, त्यामुळे मला घट्ट टॅपेटची काळजी अधिक वाटते.

दुकानदारांनी ही अडचण लगेच ओळखली आणि 0.04 पासून 0.01च्या टप्प्याने वाढणाऱ्या पट्ट्यांचा वेगळा गेज काढून दिला. तो हातात घेतल्यावर फरक जाणवतो. पट्टी पातळ, लवचीक आणि तेलाचा हलका थर असलेली आहे. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवून ओढली की किंचित अडत, पण न अटकता बाहेर येते, आणि हा किंचित अडसर हीच योग्य मापाची खूण आहे. लॉकनट आवळताना टॅपेटचा स्क्रू स्वतःही थोडा फिरतो, म्हणून नट घट्ट केल्यानंतर पट्टी पुन्हा घालून पाहणे भाग असते. हे सर्व काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वीच करावे.

त्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकाला आणावा लागतो. डाव्या कव्हरवरील दोन टोप्या काढून मॅग्नेट, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरचे चाक, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा आणि त्यावरील टी ही खूण कव्हरवरील खाचेशी जुळवावी. या वेळी दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत; हलत नसतील तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. संचातील स्क्रू-ड्रायव्हर येथे निरुपयोगी ठरतो, कारण टोपीची खाच रुंद असते आणि याचे पाते अरुंद असल्याने ते घसरून खाच सोलते. या टोप्यांसाठी रुंद, चपट्या पात्याचा जाड ड्रायव्हर वेगळा घ्यावा.

प्लगचा सॉकेट ही या पेटीतील सर्वांत समाधानकारक वस्तू आहे. त्याची भिंत पातळ असल्यामुळे सिलिंडर हेडच्या थंडाव्याच्या पात्यांमध्ये तो अडकत नाही, आणि आतील रबर प्लगला धरून ठेवत असल्याने प्लग बाहेर काढताना निसटत नाही. खरेदीपूर्वी माप मात्र पाहावे: 10 मिलिमीटर आट्याच्या प्लगला 16चा, 12 मिलिमीटरच्या प्लगला 18चा आणि 14 मिलिमीटरच्या प्लगला 21चा पाना सामान्यतः लागतो. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने प्लग आधी हातानेच पूर्ण बसवावा. नवा प्लग असेल तर त्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर हवा-पेट्रोलचे मिश्रण ठीक आहे, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे आणि पांढुरके असेल तर कमी. तारेच्या ब्रशविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही.

साताऱ्यात हे ज्ञान नवे नाही. महाराष्ट्र स्कूटर्सच्या येथील कारखान्यात प्रिया स्कूटर बनत होती, आणि ती गाडी ज्यांच्या घरी होती त्यांना प्लग साफ करणे व पॉइंटचा (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्कबिंदूंचा) गॅप बसवणे या गोष्टी सवयीच्या होत्या. आज पॉइंट राहिले नाहीत, तरी हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचा मेळ बसवण्याचे तत्त्व तेच आहे.

एअर फिल्टरसाठी या पेटीतील एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, हलके तेल लावून बसवता येतो. तेलाचा लेप असलेला कागदी फिल्टर मात्र हवा मारून साफ करू नये, तो बदलावा. शेवटी इंजिन गरम करून स्लो (आयडलिंग), म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा संथ वेग, बसवावा. कार्ब्युरेटरवरील मिश्रणाच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण बंद करून किती फेरे बसले ते लिहून ठेवावे, म्हणजे मूळ जागेवर परतता येते. आयडलिंगचा वेग दाखवणारे कोणतेही साधन संचात नाही, त्यामुळे पुस्तिकेत मिनिटाला 1400 फेऱ्यांचा आकडा असला तरी तो कानानेच साधावा लागतो. ही उणीव या किमतीत मी गंभीर मानत नाही.

ट्यूनिंगनंतर मी गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली. दोघे जण बसलेले असताना ज्या वळणांवर पूर्वी गिअर उतरवल्यावरही इंजिन मिसिंग करत होते, तेथे ते एका लयीत चढले, आणि वर पोहोचून थांबल्यावर गाडी बंद न पडता संथपणे स्लोवर राहिली.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषण-मानकाच्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे त्या गाड्यांच्या मालकांना या संचाचा उपयोग प्लग, फिल्टर आणि टॅपेट एवढ्यापुरताच होईल; मिश्रण व आयडलिंगचे काम तेथे इसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सांभाळतो. जुनी गाडी असलेल्यांनी प्लगचा पातळ भिंतीचा सॉकेट, बारीक टप्प्याचा गेज, टॅपेटचा पाना आणि रुंद पात्याचा एक चांगला ड्रायव्हर एवढीच चार हत्यारे सुटी घ्यावीत; त्यांची एकत्रित किंमत पेटीपेक्षा फारशी वेगळी पडत नाही, आणि दुकानदार ती गाडीचे मॉडेल विचारून, माप लावून देतात.