उपनगरातली एअर रायफल रेंज: लेकीला घातल्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. मंगळवार-गुरुवारची संध्याकाळची बॅच मिळाली तर बिनधास्त घ्या. शनिवार-रविवारची मिळत असेल तर थांबा.

मुलगी बारा वर्षांची. पॅरिसला 2024 मध्ये मनू भाकरला आणि आपल्या स्वप्नील कुसाळेला पदकं मिळाली तेव्हापासून घरात तोच एक विषय. गणपती झाले की घालते असं कबूल केलं आणि घातलं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे हे ठाऊक होतं, पण शाळा सुटल्यावर कांदिवलीहून वरळी गाठायची म्हणजे गृहपाठाला रामराम. म्हणून घराजवळ, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यातली रेंज शोधली. नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि लेक अजून तिथेच जाते.

सोयींबद्दल थोडक्यात: रायफली जुन्या पण नीट राखलेल्या. दोन लेनवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट, बाकी ठिकाणी कागद लावून बटण दाबायचं. एसी मनाला आलं तर चालतो, आणि ऑक्टोबरात ते जाडजूड कॅनव्हासचं जॅकेट घालून पोरं घामाने निथळतात. टॉयलेट बरं. पार्किंग विसरा. फी परवडण्यासारखी वाटते, पण पाचशे पेलेटचा (म्हणजे छर्र्यांचा) डबा बघता बघता संपतो, तो खर्च वेगळा धरा.

आता मुद्द्याचं. पहिले काही आठवडे मी काचेच्या या बाजूला बाकावर बसून फक्त एकच गोष्ट बघत होते: पोरं नेम धरत नसतात तेव्हा काय चालतं? नेम धरताना सगळीच शहाणी असतात. गडबड होते ती मधल्या वेळात. कागद बदलताना, चष्मा पुसताना, शेजारच्याचे छर्रे कुठे लागले ते बघायला वाकताना.

आठवड्यातल्या बॅचचे सर या मधल्या वेळाचे पक्के आहेत. प्रत्येक रायफलीत नारिंगी दोरी असते, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती बॅरलमधून आरपार जाते आणि दोन्ही टोकांना बाहेर दिसते, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही हाच नियम आहे. सर ‘लोड’ म्हणेपर्यंत दोरी निघत नाही आणि दोरी परत आत गेल्याशिवाय कोणी लेन सोडत नाही. माझी लेक आता घरी छत्रीसुद्धा टोक खाली करून धरते.

एकदा मात्र खरी परीक्षा झाली. तिच्या बाजूच्या लेनवरच्या मुलाचा छर्रा नीट बसला नाही, लिव्हर अडकला. आठवीतला पोरगा, काय करावं सुचेना, म्हणून विचारायला मागे वळला, आणि त्याच्याबरोबर रायफलही वळायला लागली. पूर्ण वळायच्या आत सरांचा ‘स्टॉप!’ आला. सगळ्या लेनवरची पोरं थिजली, बोटं ट्रिगरवरून बाजूला. सर त्याच्यापर्यंत गेले, एका हाताने बॅरल टार्गेटकडे धरून ठेवली आणि मग शांतपणे म्हणाले, “बाळा, तोंड फिरवायचं, रायफल नाही. अडकलं तर तिथेच उभा राहा आणि हात वर कर.” ओरडणं नाही, अपमान नाही. पण त्या दिवशी उरलेला वेळ सगळ्या बॅचने छर्रा न भरलेल्या रायफलीवर फक्त ‘अडकली तर काय’ हेच केलं. एकाही पालकाने कुरकुर केली नाही. एरवी स्कोअर बघायला सगळ्यांच्या माना काचेला चिकटलेल्या असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सरांनी तेव्हा आणखी एक समजावलं. एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅम जोर लागला पाहिजे असा नियम आहे. एअर रायफलीला तशी अट नाही, त्यामुळे स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर अगदी हलका ठेवलेला असतो. बोट नुसतं टेकलं तरी सुटते. म्हणून ‘नेम लागेपर्यंत बोट बाहेर’ हे पोरांच्या हाडीमाशी भिनलं पाहिजे. नुसतं तोंडपाठ असून भागत नाही.

आता रविवार. शाळेच्या परीक्षांमुळे मधे काही आठवडे आम्ही शनिवार-रविवारी गेलो. तीच जागा, त्याच रायफली, कारभार वेगळा. गर्दी दुप्पट, कोच एक. त्यांचा फोन वाजला की ते बाहेर जिन्यात, आणि आत लाइन सांभाळायला अकरावीतली एक ताई. मुलगी गुणी आहे, स्वतः छान खेळते, पण बापाच्या वयाचा एक हौशी माणूस दोरी न घालता उठला तेव्हा तिला ‘काका, थांबा’ म्हणायचा धीर झाला नाही. होणार कसा? थांबवायचा अधिकार तिला कोणी दिलेलाच नाही. लहान मुलं आणि पैसे देऊन तासभर मजा करायला आलेली मोठी माणसं एकाच लाइनवर उभी करणं मला तरी पटत नाही.

ऑफिसात तक्रार केली तर उत्तर मिळालं, “मॅडम, एअर रायफल आहे हो ती. लायसन्ससुद्धा लागत नाही.” हे अर्धंच खरं. 4.5 मिलिमीटरपर्यंतची आणि 20 ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली हवेची बंदूक परवान्यातून सुटते, बरोबर. पण छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सुटतो, आणि डोळ्याला कायद्याचं कलम कळत नाही. परवाना नाही म्हणजे सरकारी नजरही कमी, मग उरतो फक्त रेंजवरचा माणूस. तोच जिन्यात फोनवर असेल तर काय? लेखी तक्रार दिली, आणखी काही पालकांच्या सह्या घेतल्या. मोठ्यांची वेळ आता वेगळी केली आहे. दुसरा कोच ‘बघतो’ या अवस्थेत आहे.

सह्या गोळा केल्याचा दुसरा फायदा, पूर्वी भिंतीवर उघड्या टांगलेल्या रायफली आता कुलपाच्या कपाटात गेल्या. आमचीही तिथेच असते. ती घेऊन लोकलने किंवा मेट्रोने फिरायची माझी छाती नाही.

सिलिंडरकडे बहुतेक पालक बघतच नाहीत. रायफलीखालच्या त्या नळीत 200 बार दाबापर्यंत हवा भरतात. बहुतेक कंपन्या तिचं आयुष्य दहा वर्षं देतात आणि बनवल्याची तारीख नळीवरच कोरलेली असते. सेकंडहँड रायफल घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं, मग रंग बघावा. इथे भरायचं काम फक्त सर करतात, पोरांना कॉम्प्रेसरजवळ फिरकू देत नाहीत. पूर्ण मार्क.

शिशाच्या बाबतीत मार्क कापले. छर्रे शिशाचे असतात, बोटांना ती करडी पूड लागते. पहिल्या महिन्यातच बघितलं, पोरं तसल्याच हातांनी बाहेर येऊन वडापाव खातायत. बेसिन आहे, साबण नसायचा. आणि रेंज बंद होताना मावशी टार्गेटच्या खाली कोरडा झाडू मारायच्या, सगळी धूळ वर. त्यांनाच जास्त त्रास, त्या रोजच्या तिथे. हे सांगितल्यावर मात्र लगेच सुधारलं: ओला पोछा, मावशींना मास्क, साबणाची बाटली आणि ‘हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही’ अशी पाटी. पाटीवरचं शुद्धलेखन सोडून द्या.

एक गोष्ट विचारायला अवघड वाटते, पण मुलींच्या आयांनी विचारावीच. पोझिशन लावताना कोचला खांदा, कोपर, कंबर हाताने सरळ करावी लागते. आमचे सर आधी सांगतात, ‘कोपर हलवतोय हं’, आणि शक्य तिथे काठीने दाखवतात. काचेतून सगळं दिसतं, पडदा नाही. मुलांना वैयक्तिक मेसेज नाही, जे काही ते पालकांच्या ग्रुपवर. हे मी प्रवेश घेतानाच विचारलं होतं आणि सर बिलकुल बिचकले नाहीत. जिथे या प्रश्नावर कपाळाला आठ्या पडतील तिथून चपला घालून निघावं.

पाठीचं राहिलं. रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, आणि उभ्याने नेम धरताना शरीर मागे झुकवावं लागतं. बारा वर्षांच्या मुलीला पूर्ण वजनाची देणं चूकच. पहिले तीन-चार महिने सरांनी तिला स्टँडवर टेकवूनच खेळवलं. शेजारच्या पालकांना वाटायचं, हिची प्रगतीच नाही. मधल्या काळात त्यांच्या मुलाची कंबर धरली आणि तो फिजिओकडे जाऊन आला. आता तोही स्टँडवर आहे.

स्कोअर विचारू नका. दहाच्या वर्तुळाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो कधी लागतो, कधी नाही. पुढच्या तिमाहीची फी भरली आहे, मंगळवार-गुरुवारचीच. रविवारचं दुसरा कोच आल्यावर बघू.