दहावीचा भूगोल आणि उजळणीची कार्डं: नऊ महिने वापरून

गेल्या जूनमध्ये लेकीच्या दहावीसाठी फोनवर उजळणीच्या कार्डांचं एक ॲप घेतलं. पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं तर ते कार्ड चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने समोर येतं. चुकलं की उद्या परत हजर. जाहिराती नकोत म्हणून वर्षाचे ४९९ रुपये भरले. मार्चमध्ये पेपर झाला, निकाल लागला, भूगोलात ४० पैकी ३४ पडले. आता जरा निवांत आहे म्हणून लिहितेय. हे सगळं राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाबद्दल आहे, म्हणजे पुस्तकात भारत आणि ब्राझील.

सुरुवातीला ॲपमधला तयार गठ्ठाच वापरला. ऑगस्टात लेक फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. एका कार्डावर भारताचं लिंग गुणोत्तर (हजार पुरुषांमागे किती स्त्रिया) ९४०, वीसेक कार्डं सोडून दुसऱ्यावर ९४३. साक्षरता एकीकडे ७४.०४ टक्के, दुसरीकडे ७२.९८. "आई, यातलं पाठ काय करू?" पोळ्या तशाच ठेवून शोधत बसले तेव्हा कळलं, की दोन्ही आकडे २०११ च्याच जनगणनेचे. ९४० आणि ७४.०४ हे मार्च २०११ मध्ये जाहीर झालेले तात्पुरते, ९४३ आणि ७२.९८ हे नंतरचे अंतिम. महाराष्ट्राचंही तेच, आधी ९२५, मग ९२९. कुणीतरी दोन ठिकाणचं उचलून एकाच भांड्यात ओतलं होतं. तेव्हापासून तयार गठ्ठा बंद, पाठ्यपुस्तक समोर ठेवून लेकीने स्वतःची कार्डं लिहायची असं ठरलं.

खरा फायदा इथून सुरू झाला. लिहितानाच अर्धं पाठ व्हायचं. छोट्या, एकाच उत्तराच्या गोष्टींना ही कार्डं झकास: घनता म्हणजे काय, १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी का घटली (इन्फ्लुएन्झाची साथ), ब्राझीलची राजधानी किनाऱ्यावरून आत ब्राझिलियाला कधी नेली (१९६०). रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, बास. मात्र चार दिवस खंड पडला तर कार्डं साचतात. गणपतीत हातच लावला नाही, विसर्जनानंतर उघडलं तर १८६ कार्डं वाट बघत होती. ते बघूनच तिने फोन उपडा ठेवला. शेवटी मी निम्मी कार्डं पुढे ढकलली. आणखी एक किरकोळ त्रास म्हणजे कार्डावर मराठी आकडे लिहिले असतील आणि शोधताना इंग्रजी टाकले, तर कार्ड सापडत नाही.

मोठा घोटाळा नोव्हेंबरात लक्षात आला. "ॲमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ का?" या कार्डामागे पाच-सहा ओळी होत्या. लेक मनात काहीतरी पुटपुटायची, उलटून बघायची, "हां, हेच" म्हणायची आणि 'आलं' दाबायची. ॲप बिचारं ते कार्ड महिनाभर लांब पाठवायचं. एकदा तोच प्रश्न भौगोलिक कारणांमध्ये कागदावर लिहायला लावला, तर "घनदाट जंगल आहे" एवढं लिहून पेन थांबलं. दमट, रोगट हवा, दुर्गम भाग, वाहतुकीच्या सोयी तुटपुंज्या, यातलं काही नाही. परीक्षक तीच आणि विद्यार्थीही तीच, मग मार्क कोण कापणार? मोठी उत्तरं त्या दिवसापासून वहीत. नकाशाचंही तसंच. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं मॅनॉस शहर कार्डावर पाठ, पण कोऱ्या नकाशात लेकीने ते समुद्रकिनारी नेऊन ठेवलं. स्टेशनरीच्या दुकानातून कोऱ्या नकाशांचा गठ्ठा आणला आणि आठवड्याला दोन भरायला लावले. लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे वयोगटांनुसार स्त्री-पुरुष दाखवणारा आलेख, तर काढूनच समजतो. पेपरात दोन मार्क आलेखातच गेले, ती चूक माझी, सराव कमी घेतला.

मानवी वस्तीच्या धड्याला मात्र ॲप लागलंच नाही. दिवाळीत आम्ही कराडहून गुहागरला गेलो. पाटणपर्यंत नदीकाठची गावं एकवटलेली, मध्ये देऊळ, घराला घर लागून. कुंभार्ली घाट उतरला की एकाच गावाच्या पाच वाड्या, या टेकडीवर चार घरं, त्या टेकडीवर सहा, मधे आंबा-काजू. चिपळूणजवळ रस्त्याला धरून दुकानं आणि गॅरेजं. केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती, गाडीतच मोजून झाली.

परतताना कोयनानगरला चहाला थांबलो आणि सासूबाई बोलायला लागल्या. त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्या दहा वर्षांच्या होत्या. "भांडी आधी वाजली, मग जमीन. महिनाभर खळ्यात झोपलो बघ. आमचं घर कुडाचं, म्हणून वाचलो." आपत्ती व्यवस्थापन हा धडा खरं तर विज्ञान भाग २ मध्ये आहे, पण त्याची कार्डं आम्ही याच गठ्ठ्यात ठेवली होती: भूकंपांमध्ये कोयना १९६७, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३, आणि दरडींमध्ये माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१. तारखा लेक धडाधड म्हणायची. त्या रात्री तिने आपणहून एक नवं कार्ड लिहिलं: "कोयना आणि किल्लारी, दोन्ही भूकंप सहाच्या वरचे, दोन्ही पहाटेचे. कोयनेत सुमारे १८० माणसं गेली, किल्लारीत दहा हजारांच्या आसपास. का?" मागे तिचं उत्तर: दाट वस्तीची मोठी गावं, दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि सगळे झोपेत. लोकसंख्या, वस्ती आणि आपत्ती एकाच कार्डावर आली होती. पुस्तकात हे तिन्ही असे शेजारी बसत नाहीत, तयार गठ्ठ्यात तर नाहीच.

घ्यावं का, तर ॲप घ्या, पण रिकामं. पैसे भरायची गरज नव्हती, जाहिराती सोसवतात. धाकटा आता आठवीत गेला आहे. जनगणना २०२७ मध्ये व्हायची आहे, त्यामुळे त्याच्या दहावीला ताईची आकड्यांची कार्डं चालतील का, हे तेव्हाच्या पुस्तकात बघावं लागेल. किल्लारीचं कार्ड ठेवून दिलंय.

९४० आणि ९४३ ची तक्रार ॲपवाल्यांना ऑगस्टात कळवली होती, जानेवारीत पुन्हा. परवा उघडून बघितलं, दोन्ही कार्डं जागच्या जागी आहेत.