लेपर्ड गेकोचे घर दीडशे डॉलरांत: तयार संच की सुटी खरेदी?

मिशिगनमधील आमच्या घरी गेल्या सप्टेंबरात एक प्रौढ लेपर्ड गेको, म्हणजे पाळली जाणारी एक पालीची जात, आली. मुलीच्या मैत्रिणीचे कुटुंब दुसऱ्या गावी जात होते. त्यांनी ती आम्हाला दिली, पण तिची पेटी मोडकळीला आलेली असल्याने टाकून दिली. नवे घर उभारण्यासाठी आम्ही दीडशे डॉलर बाजूला काढले. हा प्राणी नीट सांभाळल्यास पंधरा ते वीस वर्षे जगतो, त्यामुळे हा खर्च विचारपूर्वक व्हावा अशी माझी इच्छा होती.

घाईत मी प्रथम एका मोठ्या दुकानातून १३९ डॉलरांचा तयार संच आणला. त्यात ३० इंच लांब आणि १२ इंच रुंद काचेची पेटी, तळाला चिकटवायची हीट मॅट, काचेवर लावायचा काट्याचा तापमापक, कॅल्शियमयुक्त वाळूची पिशवी आणि एक प्लॅस्टिकची गुहा होती. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानानुसार मॅट चालू-बंद करणारे यंत्र, नव्हता. गेकोला आत सोडण्यापूर्वी मी मॅट रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी पाहिले, तर भिंतीवरचा काटा ८४ अंश फॅरनहाइट दाखवत होता आणि मॅटच्या वरची काच पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणाऱ्या इन्फ्रारेड तापमापकाने मोजली तेव्हा ११२ अंश भरली. काट्याचा तापमापक भिंतीजवळच्या हवेचे तापमान सांगतो, गेको मात्र जमिनीवर पोट टेकून ऊब घेते. तिला मॅट असलेल्या गरम बाजूच्या लपणात (लपायच्या जागेत) ८८ ते ९२ अंश, म्हणजे साधारण ३१ ते ३३ सेल्सिअस, एवढी ऊब लागते. त्या ११२ अंशांवर तिचे पोट भाजले असते आणि काटा पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता. वाळूही मला पटली नाही, कारण भक्ष्यासोबत ती पोटात जाते आणि आतडे तुंबण्याची भीती राहते. संच मी दुसऱ्याच दिवशी परत केला.

त्यानंतर सगळी खरेदी सुटी केली. जुन्या सामानाच्या विक्रीत ३६ इंच लांब, १८ इंच रुंद माशांची टाकी २५ डॉलरांना मिळाली. ती एका कोपऱ्यातून झिरपत होती म्हणूनच इतकी स्वस्त होती, आणि जिथे पाणी भरायचेच नाही तिथे झिरपण्याने काहीही बिघडत नाही. काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघाले. मग पातळ ब्लीचने पुसून, अनेकदा धुऊन ती दोन दिवस उन्हात ठेवली. जाळीचे झाकण मात्र नवे घ्यावे लागले, त्याला २८ डॉलर पडले.

सर्वांत मोलाची वस्तू ठरली ती ३० डॉलरांचा साधा थर्मोस्टॅट. मॅटची वायर त्याच्यातून जाते, त्याची संवेदक तार मॅटच्या वरच्या जागी बसवायची आणि हवे ते तापमान ठरवून द्यायचे. यंत्र मॅट चालू-बंद करत राहते. आमच्याकडे ९० वर ठेवले असता लपणाची जमीन ८८ आणि ९२ यांच्या दरम्यान राहते. जानेवारीच्या कडक थंडीतही तीत फारसा फरक पडला नाही. त्यातला एक धोका मात्र ओळखून ठेवावा. दुसऱ्याच आठवड्यात गेकोने माती उकरताना संवेदक बाजूला ओढला. थंड कोपऱ्यात पडलेल्या संवेदकामुळे यंत्राला ऊब कमीच वाटत राहिली आणि मॅट बंद होईना. सुदैवाने मी रोज सकाळी इन्फ्रारेड तापमापकाने मोजतो म्हणून ते वेळीच लक्षात आले. तार चिकटपट्टीने लावू नये, कारण पट्टीला गेकोची नाजूक कातडी चिकटून फाटते. मी ती मत्स्यटाकीच्या सिलिकोनने काचेला पक्की केली आणि व्हिनेगरसारखा त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत तीन दिवस गेकोला हवेची भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात कागदी रुमालांवर ठेवले.

बाकीचे सामान स्वस्तात झाले. होम डिपोमधून आणलेली स्लेटची फरशी गरम बाजूला बसवली. ती ऊब धरून ठेवते आणि तिच्या खरखरीत पृष्ठावर नखेही घासली जातात. उरलेल्या तळात खत न मिसळलेली माती आणि धुतलेली वाळू सत्तर-तीस प्रमाणात घातली. ही वाळू मातीत मिसळून घट्ट बसते, संचातल्या वाळूसारखी सुटी राहत नाही. डॉलर ट्री या स्वस्त दुकानातल्या झाकणाच्या डब्यांना दार कापून तीन लपणे केली. मधल्या डब्यात ओले शेवाळ असते, कारण कात टाकताना दमटपणा कमी पडला तर बोटांभोवती जुन्या कातडीची कडी अडकून बोट गळू शकते. आमच्या गेकोच्या मागच्या पायाचे एक बोट आधीच्या घरी असेच गेलेले आहे. आता ती कात टाकण्याच्या आदल्या दिवशी फिकट राखाडी होऊन त्या डब्यात शिरते, आणि सुटलेली कात स्वतःच खाऊन टाकते.

दोन तापमापक आणि कॅल्शियमची पूड धरून एकूण खर्च १४८ डॉलर झाला. यूव्हीबी नळी (अतिनील किरण देणारा दिवा) त्यात बसली नाही, ती चार महिन्यांनी घेतली. जमल्यास पहिल्याच दिवशी घ्यावी असे माझे मत आहे.

भारतातल्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरच्या पालीला न मिटणारे डोळे असतात, लेपर्ड गेकोला मात्र पापण्या असतात आणि ती काचेवर चढू शकत नाही. तिचे सख्खे नातेवाईक महाराष्ट्रात रानात राहतात, आणि सातपुड्यातल्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन तर २०१४ मध्येच झाले आहे. त्यांना पकडून घरी आणू नये.

तयार संचाला मी पाचपैकी एक गुण देतो, तोही केवळ काचेसाठी. थर्मोस्टॅटला साडेचार, अर्धा गुण त्याच्या आखूड तारेमुळे कापला आहे, कारण ती तीन फुटांच्या टाकीत मागच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि मॅटची जागा तिच्या हिशेबाने ठरवावी लागते. आली तेव्हा गेको स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४४ ग्रॅम होती आणि तिची शेपटी बारीक होती. आज ती ५७ ग्रॅम आहे आणि शेपटी मानेएवढी जाड झाली आहे.